पट्टेवाला नव्हे, साहेब!

पार्किंगमध्ये सापडलेलं पट्टेरी पिल्लू घरी आणलं, की पहिला आठवडा 'सो क्यूट'मध्येच जातो. पण हा पाहुणा पंधरा वर्षं राहायला आलेला असतो, हे ठाऊक आहे ना? मग त्याच्यासोबत राहायचा फंडा समजून घ्याच!

कपाळावर ठसठशीत इंग्रजी 'एम', अंगावर वाघासारखे पट्टे, शेपटीवर गोल गोल कडी आणि डोळ्यांत 'या फ्लॅटचा हप्ता मीच भरतो' असा भाव. ऑफिसात पट्टेवाला साहेबांना चहा आणून देतो. घरात मात्र कारभार अगदी उलटा. इथे पट्टेवाला सोफ्यावर लोळतो आणि साहेब, मॅडम गुपचूप त्याची वाळू चाळत बसतात.

इंग्रजीत या पट्टेरी मांजरांना 'टॅबी' म्हणतात. हा शब्द थेट बगदादहून आलाय. तिथल्या अत्ताबी नावाच्या मोहल्ल्यात पट्ट्यापट्ट्यांचं रेशमी कापड विणलं जायचं. त्या कापडाचं नाव फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलं आणि तिथून मांजराच्या अंगावर चढलं. म्हणजे आपल्या सोसायटीच्या गेटवर बसलेला तो फाटक्या कानाचा बोका चक्क रेशमी खानदानाचा निघाला की!

जात नाही, डिझाइन!

पहिला गैरसमज आधी काढून टाकू. टॅबी ही पर्शियन किंवा सयामीसारखी मांजराची जात नाही. ते फक्त अंगावरचं डिझाइन आहे. त्याचे मुख्य चार प्रकार. सरळ उभे बारीक पट्टे असतील तर 'मॅकेरल'. मॅकेरल म्हणजे आपला बांगडा! जाड, भोवऱ्यासारखे पट्टे असतील तर 'क्लासिक'. पट्ट्यांऐवजी ठिपके असतील तर 'स्पॉटेड'. आणि अंगावर पट्टे जवळपास नाहीतच, पण प्रत्येक केसावर गडद-फिक्या रंगाच्या पट्ट्या असतील तर 'टिक्ड'. आपल्या गल्लीबोळांत बांगडा डिझाइनवाले चिक्कार.

यामागचं सायन्सही सॉलिड इंटरेस्टिंग आहे. बांगडा पट्टे की भोवरे, हे ठरवणारं जनुक संशोधकांनी २०१२ मध्ये शोधलं. गंमत म्हणजे त्याच जनुकातल्या बदलामुळे 'किंग चित्ता' नावाच्या दुर्मिळ चित्त्याच्या अंगावरचे ठिपके एकमेकांत मिसळून जाड पट्टे होतात. २०१७ मध्ये प्राचीन मांजरांच्या डीएनएवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की आपल्या पाळीव मांजरांचा पूर्वज रानमांजर बांगडा पट्ट्यांचाच होता आणि भोवऱ्यांची फॅशन फार नंतरची, चौदाव्या शतकातल्या ऑटोमन साम्राज्याच्या आसपासची.

आणि तो नारंगी गब्दुल? तोही टॅबीच. प्रत्येक नारंगी मांजराच्या अंगावर नीट पाहिलं तर पट्टे दिसतातच. नारंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे त्याला एका जनुकात काम भागतं. मांजरीला पूर्ण नारंगी व्हायला दोन्ही एक्सवर ते लागतं. म्हणूनच नारंगी बोके जास्त आणि नारंगी मांजरी कमी. हे जनुक नेमकं कोणतं, याचं कोडं मात्र २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सुटलं. शंभरेक वर्षं शास्त्रज्ञांना झुलवणारा प्राणी आहे हा, तुमचा-आमचा काय निभाव लागणार!

आधी आई शोधा

पावसाळ्याच्या तोंडावर पार्किंगमध्ये बारीक 'म्यांव' ऐकू आलं, की आपल्यातल्या दयाळू माणसाचा हात लगेच पुढे जातो. जरा थांबा. आपल्याकडे म्हणतात, मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते. त्यातला सातचा आकडा सोडून द्या, पण जागा बदलायची तिची सवय खरी आहे. एक पिल्लू हलवून ती दुसरं न्यायला येतच असेल. काही तास लांबून नजर ठेवा. पिल्लू किमान आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळ राहिलेलं उत्तम. चावायचं किती जोरात आणि नखं आत कधी घ्यायची, हे त्याला आई आणि भावंडंच शिकवतात.

आई आलीच नाही, तर पिल्लाला आधी उबेला ठेवा आणि मग डॉक्टरकडे न्या. गार पडलेल्या पिल्लाला लगेच काही पाजायचं नाही. गाईचं दूध तर नाहीच. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारून द्या. घरात आधीच एखादं मांजर असेल, तर नव्या पाहुण्याला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा.

लसीकरण साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस असतो. त्यातली पॅनल्युकोपेनियाची लस चुकवू नका. हा आजार पिल्लांची अख्खी वीण एका आठवड्यात संपवतो. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमाराला. आणि अनोळखी मांजर चावलं किंवा त्यानं ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि तडक डॉक्टर गाठा. हळद-बिळद लावत बसायचं नाही!

दूध-पोळीचं काय करायचं?

मराठी घरात मांजर म्हटलं की ताटलीत दूध-पोळी कुस्करून ठेवायची, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आजीला विचारा, ती म्हणेल, 'आमची मनी यावरच बारा वर्षं जगली.' आजीला एक सांगायचं राहिलं. ती मनी दिवसभर बाहेर हुंदडायची आणि उंदीर, पाली, चिमण्या यांवर ताव मारून यायची. दूध-पोळी हा तिचा टाइमपास होता. तुमची मनी सातव्या मजल्यावर बंद फ्लॅटमध्ये राहते. तिच्या ताटलीत जे पडेल, तेवढंच तिचं जेवण.

मांजर पक्कं मांसाहारी आहे. चॉइस म्हणून नाही, शरीराची गरज म्हणून. टॉरिन नावाचं एक पोषणद्रव्य मांजराचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं की हृदयाचे स्नायू कमजोर होतात, डोळ्यांचा पडदा खराब होतो. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांजरांमधला हृदयाचा एक आजार आणि टॉरिनची कमतरता यांचा संबंध दाखवून दिला. त्यानंतर कंपन्यांनी कॅट फूडमध्ये टॉरिन वाढवलं. दुधाचं म्हणाल, तर बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचतच नाही. आवडतं, पण पोट बिघडतं.

मग नुसतं उकडलेलं चिकन? तेही पुरेसं नाही. त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. फक्त चिकनवर वाढलेल्या पिल्लांची हाडं मऊ पडतात आणि साध्या उडीतही मोडतात. सुकट, जवळा, खारवलेले बोंबील रोज नकोत, त्यात मीठ फार. सोपा मार्ग म्हणजे 'कंप्लीट' असं लिहिलेलं कॅट फूड मुख्य जेवण म्हणून ठेवायचं. त्यात ओलं आणि कोरडं दोन्ही. चिकनचा तुकडा, बांगड्याची काटे काढलेली फोड, हे वीकेंडचं ट्रीट.

घर शुद्ध शाकाहारी असेल, तर हा विषय मांजर आणण्याआधीच आई-बाबांशी, सासू-सासऱ्यांशी आणि घरमालकाशी बोलून घ्या. पाकिटातलं कॅट फूड चालणार का? नसेल चालणार, तर ससा पाळा. खरंच. मांजराला पनीरवर जगवणं हा प्रेमळपणा नाही.

खिडकी बंद, टेन्शन खल्लास

'मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवरच उभं राहतं!' हा डायलॉग ज्यानं पसरवला, त्याला एकदा भेटायचंय. मांजर हवेत वळतं हे खरं, पण पाय मोडतात, जबडा फुटतो, छातीत हवा भरते. न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास झाला, तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मांजरं वाचली. हा आकडा ऐकून निश्चिंत होऊ नका. जी जागच्या जागी गेली, ती या हिशोबात आलीच नाहीत.

मुंबई-पुण्यात तर प्रत्येक सज्जावर कबुतरांची भरसभा. मांजराचं लक्ष एकदा कबुतरावर लागलं, की त्याला खाली नऊ मजले आहेत याचं भान राहत नाही. मच्छरांची जाळी मांजराच्या नखांपुढे टिकत नाही. बाल्कनीला लावतात ती कबुतरांची नायलॉन जाळी चांगली ताणून बसवली तर चालते, पण दात लावणाऱ्या मांजरासाठी लोखंडी जाळी बरी. आधी जाळी, मग मांजर. क्रम उलटा नको.

वाळू, नखं आणि पहाटेचे पाच

वाळूच्या खोक्याचा नियम सोपा आहे. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक खोका जास्त. जागा शांत हवी, वॉशिंग मशीनच्या शेजारची नको, जेवणाच्या ताटलीजवळची तर मुळीच नको. रोज दोनदा चाळा. मांजर खोक्याबाहेर शू करायला लागलं, तर ते 'बदला' घेत नसतं. एकतर खोका घाण आहे, किंवा वाळू बदललीय, किंवा ते आजारी आहे.

सोफा ओरबाडणं हाही उद्दामपणा नाही. नखांचं जुनं आवरण काढणं, अंग ताणणं आणि 'ही जागा माझी' अशी सही करणं, ही त्याची तीन कामं त्यात उरकतात. लाकडी खांबाला काथ्याची किंवा सुतळीची दोरी घट्ट गुंडाळून सोफ्याशेजारी उभा करा. खांब इतका उंच हवा, की मांजर पूर्ण ताणून उभं राहू शकेल. खर्च किरकोळ, सोफा सेफ.

आता पहाटेचा प्रश्न. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं, पण पहाटे आणि संध्याकाळी ते सगळ्यात जागं असतं. म्हणून सकाळी पाचला तुमच्या नाकावर पंजा येतो. माझ्या घरच्या पट्टेरी बोक्याबरोबर तीन वर्षं राहून सापडलेला उपाय असा: रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं दोरीला बांधलेल्या पिसामागे त्याला जाम पळवायचं, शेवटी पीस पकडू द्यायचं आणि लगेच जेवण. शिकार, जेवण, चाटूनपुसून झोप, हाच त्याचा नैसर्गिक क्रम आहे. पहाटे उठून ताटली मात्र भरायची नाही. एकदा भरलीत की संपलंच, रोजचा अलार्म लागला!

घरातली विषं

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. मांजराच्या यकृतात काही रसायनं निकामी करायची यंत्रणा फारच कमकुवत असते. त्यामुळे आपल्याला साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्याच्या जिवावर उठतात.

पॅरासिटामॉल. ताप आला म्हणून अर्धी गोळी चुरून देणारे महाभाग आहेत. एका गोळीनं मांजर मरू शकतं. माणसाचं कुठलंही औषध मनानं द्यायचं नाही.

लिली. वाढदिवसाच्या बुकेमध्ये येते ती. पान, फूल, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मूत्रपिंडं बंद पाडतं. मांजराच्या घरात लिली आणायचीच नाही.

फिनेल आणि डांबरगोळ्या. फरशी फिनेलनं पुसली, मांजर त्यावरून चाललं आणि मग पंजे चाटले, की फिनेल पोटात. कामाला येणाऱ्या मावशींना हे समजावून सांगा आणि फरशी पुसायला प्राण्यांना सुरक्षित असलेलं लिक्विड आणून द्या.

कांदा-लसूण. रश्श्यातला चिकनचा तुकडा धुऊन दिला तरी नको. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध. त्यातलं परमेथ्रिन मांजराला झटके आणतं. पाकिटावर 'मांजरांसाठी' लिहिलेलं असेल, तेच वापरा.

बोका वारंवार खोक्यात जातोय?

कोथरूडमध्ये राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा नारंगी बोका एका रात्री तासाभरात सहा वेळा वाळूच्या खोक्यात जाऊन बसला. जोर लावत होता, ओरडत होता, पण वाळू कोरडी. घरचे म्हणाले, 'पोट साफ होत नसेल, उद्या बघू.' तिनं ऐकलं नाही. रिक्षा केली आणि रात्री उघडं असलेलं क्लिनिक गाठलं. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला होता. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस ॲडमिट. बिल पाच आकडी. बोका आज मस्त आहे.

'उद्या बघू' केलं असतं तर? बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. म्हणून बोका वारंवार खोक्यात जातोय आणि शू होत नाहीये, तर रात्रीचे दोन असोत, निघायचं. तसंच, मांजरानं, त्यातही जाडजूड मांजरानं, दोन दिवस काहीच खाल्लं नाही, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. तोंड उघडं टाकून धापा टाकणं हीसुद्धा इमर्जन्सीच. मांजर दुखणं लपवतं. आपल्याला ते दिसलं, म्हणजे आधीच उशीर झालेला असतो.

म्हणून मांजर आणलं त्याच आठवड्यात दोन नंबर फोनमध्ये सेव्ह करा. एक रोजच्या डॉक्टरांचा आणि एक रात्री चालू असणाऱ्या क्लिनिकचा. मुंबईकरांना परळचं 'बैलघोडा हॉस्पिटल' ठाऊक असतंच. आणि दर महिन्याला थोडे पैसे 'मांजर फंड' म्हणून बाजूला टाका. वीकेंडच्या दोन कॉफी कमी, बस्स.

ऑपरेशन: हो, कराच

'एकदा तरी पिल्लं होऊ देत ना!' असा आग्रह घरातूनच होतो. मांजरीला त्याची काहीही गरज नसते. गाभण काळ जेमतेम नऊ आठवड्यांचा, म्हणजे एक मांजरी वर्षात दोन-तीन वेळा विते. ती सगळी पिल्लं कोण घेणार? चार ते सहा महिन्यांच्या वयात ऑपरेशन करून घ्या. मांजरीचा गर्भाशयातल्या संसर्गाचा धोका टळतो, स्तनांच्या कॅन्सरचा खूप कमी होतो. बोका घरभर फवारे मारत नाही आणि मारामाऱ्या करून फाटक्या कानानं परत येत नाही. ऑपरेशननंतर वजन वाढतं, तेव्हा ताटलीतला माल मोजून द्या.

सोसायटी, सेक्रेटरी आणि 'गोड बातमी'

सोसायटीत कुणी 'प्राणी चालणार नाहीत' म्हणालं, तर घाबरू नका. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पुणे महापालिकेनं २०२२ मध्ये मांजरांसाठीही परवाना लागेल असं जाहीर केलं. आपल्या वॉर्डात काय नियम आहे, ते विचारून कागद करून ठेवा. भांडणात कागद कामाला येतो.

दुसरं संकट जास्त नाजूक. घरात 'गोड बातमी' आली, की पहिली कुऱ्हाड मांजरावर पडते. 'टोक्सो होतो, मांजर काढा!' टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी खरा आहे आणि गरोदरपणात तो त्रास देऊ शकतो, हेही खरं. पण तो मांजराला कुरवाळून होत नाही. मांजराच्या शीमधून बाहेर पडल्यावर त्याला संसर्ग करण्याजोगं व्हायला किमान एक दिवस लागतो. त्यामुळे खोका रोज साफ करायचा आणि ते काम नवऱ्यानं करायचं. नऊ महिने, नो सुट्टी. कच्चं मांस, न धुतलेल्या भाज्या आणि कुंडीतली माती यांतूनही हा संसर्ग होतो, तिकडेही लक्ष द्या. घरातच राहणारं आणि तयार किंवा शिजवलेलं खाणारं मांजर यात फार छोटा धोका आहे. डॉक्टरांशी बोला, हवी तर तपासणी करा, पण घाबरून निर्णय नको.

गोणीतला प्रवास

कारण बहुतेक वेळा 'काढा' म्हणजे काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. गोणीत घालून मच्छी मार्केटला सोडून यायचं. 'तिथे खायला मिळेल त्याला' असं म्हणून मनाची समजूत घालायची. पण फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजराला ना गाड्या कळतात, ना कुत्री, ना तिथल्या बोक्यांच्या हद्दी. पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे.

'मांजर घराला धरतं, माणसाला नाही' हे आपलं लाडकं वाक्यही आता जुनं झालं. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ६४ टक्के पिल्लांचं आपल्या माणसाशी सुरक्षित नातं जुळलेलं दिसलं. माणूस खोलीत परतला, की ती शांत होऊन पुन्हा खेळायला लागायची. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी दाखवलं, की मांजराला स्वतःचं नाव ओळखता येतं. हाक मारल्यावर येत नाही, हा भाग वेगळा!

तेव्हा आणण्याआधीच स्वतःला विचारा. ऑनसाइट लागलं तर? लग्न होऊन शहर बदललं तर? जोडीदाराला ॲलर्जी निघाली तर? घरात नीट सांभाळलेलं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. या पंधरा वर्षांत तुमच्या दोन-तीन नोकऱ्या बदलतील, घर बदलेल, कदाचित गाव बदलेल. प्रत्येक वेळी 'याचं काय?' याचं उत्तर तयार हवं. मग ते भाऊ असो, शेजारच्या काकू असोत की नीट चौकशी करून शोधलेलं दुसरं घर. उत्तर तयार असेल, तर बिनधास्त आणा. आणि हजारो रुपये मोजून पर्शियन विकत घेण्याआधी एकदा खाली पार्किंगमध्ये नजर टाका. तिथे एखादा बांगडा छापाचा साहेब नोकर शोधत बसलेला असेल.

त्याच्याकडे टक लावून पाहू नका, मांजराच्या भाषेत ती दादागिरी असते. हळूच डोळे मिटा, हळूच उघडा. त्यानंही तसंच केलं, तर समजा, इंटरव्ह्यू पास!